डाव्या हाताची नोंद

मित्रांनो, मी लस घेतल्याचा एक जुना दाखला आहे. पोस्टकार्डाएवढा, फिकट निळा, घडीवर चिकटपट्टी लावलेला. छापखान्यातून आलो तेव्हा माझे सगळे रकाने कोरे होते. पहिला रकाना आरोग्य केंद्रातल्या नर्सने भरला: तारीख, लसीचा क्रमांक, 'डावा हात'. मला केवढी ऐट वाटली!

ती नोंद ज्यांची होती, त्या बाई पडदे शिवायच्या आणि शिडीवर चढून स्वतःच टांगायच्या. लस घेतल्यावर दोन दिवसांत त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. सहा महिने गेले, तरी केस विंचरायला लेक लागायची. "इंजेक्शन फार वर टोचलंय," एक डॉक्टर म्हणाले. "पडदे टांगून टांगून खांदा झिजलाय," दुसरे म्हणाले. बाईंनी भरपाईचा दावा लावला आणि मी एकदम महत्त्वाचा झालो. जो तो मला उजेडात धरून बघायचा. पण माझ्यावर हात लिहिला होता. हातावर नेमकं कुठे, ते नव्हतं. आणि मी तरी काय सांगणार? सुई टोचली तेव्हा मी टेबलावर पालथा पडलो होतो.

तीन वर्षांनी कोर्टात तडजोड ठरली. बाईंच्या वकीलबाईंनी कागद पुढे ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला.

"यात चूक कुणीच कबूल केलेली नाही. मग भरपाई कशाची?"

"तडजोड अशीच असते, ताई. खरंखोटं करत बसलो तर आणखी पाच वर्षं जातील."

"म्हणजे लसीमुळे झालं की नाही?"

"ते आता कुणी ठरवणार नाही."

बाईंनी सही केली. आपण जिंकलो की हरलो, मला कळेना. त्यांच्या चेहऱ्यावरूनही कळेना.

बाहेर बाकावर ती नर्स बसली होती. तिलाही जबाबासाठी बोलावलं होतं, पण आता त्याची गरज उरली नव्हती. "मला तुम्ही खरंच आठवत नाही हो," ती म्हणाली. "त्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेली होती. मी उभ्यानेच टोचत होते. वर टोचलं असेलही. नसेलही."

बाईंना राग यायला हवा होता. पण त्यांनी विचारलं, "माझा दुसरा डोस तेव्हापासून राहिलाय. घेऊ का मी?"

"आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर मी देते. बसून देते."

डॉक्टर हो म्हणाले. बाईंनी उजवा हात पुढे केला. त्यांचा कामाचा तेवढाच उरला होता. नर्सने स्टूल ओढलं, दंड चाचपला. "इथे देऊ?" बाईंनी डोळे मिटून मान हलवली. मग नर्सने माझ्यावर लिहिलं: 'उजवा दंड, मधोमध, बसून'. रकाना पुरला नाही. अक्षरं समासात गेली.

डाव्या हाताचं नेमकं काय झालं, हे मला आजही ठाऊक नाही. तो अजून अर्धाच वर जातो. पडदे लेक टांगते. पण मित्रांनो, मोठेपणी कुणाची नोंद लिहायची वेळ आली, तर मागे रांग कितीही असो, समोरच्या माणसाकडे एकदा नीट बघा. आणि कुणी दुखतंय म्हणालं, तर कारण सापडेपर्यंत त्याला ताटकळत ठेवू नका.