एका बैठकीतले मृत्यू

बाबांना अमेरिकेत, हर्नडनला माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी माझं डोकं उठवलं होतं. जरा वेळ गेला की म्हणायचे, "जागृती, दारात कोण उभंय बघ." मी उठून दार उघडायची. कधी पार्सल असायचं, बहुतेकदा कुणीच नसायचं. बाबा म्हणजे दादाराव, निवृत्त ग्रामसेवक. अख्खी नोकरी जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात गेली.

माझंही काम तेच, फक्त माणसं दोनशे वर्षांपूर्वीची. फ्रेंचांनी ऱ्हाइनकाठची जर्मन गावं ताब्यात घेतली, तेव्हा गावोगाव मेयर नेमले आणि जन्म, लग्न, मृत्यू त्यांच्या दप्तरात फ्रेंचमधून लिहायला लावले. ती दप्तरं वाचणारा प्रोग्राम आमची टीम तयार करते.

शनिवारी दुपारी मी १८१३ सालच्या एका पानावर अडकले. एवढ्याशा गावात तीन आठवड्यांत एकोणीस-वीस वर्षांची सात मुलं गेली होती.

"साथ आली असणार, बाबा."

बाबांनी चष्मा लावला. फ्रेंचचं अक्षरही कळत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले. "तारखा वेगळ्या असतील, पण लिहिलंय एका बैठकीत. शाई तीच, हात कुठं थांबलेला नाही. खरी मेलेली माणसं अशी ओळीनं येत नाहीत."

मी पुढची दप्तरं उघडली. १८१५, फ्रेंच निघून गेल्यानंतरचं साल. सातांपैकी पाच जण लग्नाच्या पानांवर नवरदेव! मेयरनं त्यांना कागदावर मारून फ्रेंचांच्या सक्तीच्या सैन्यभरतीतून सोडवलं होतं. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"काय ग्रेट माणूस यार! पण तुम्हाला नुसतं बघून कसं कळलं?"

बाबांनी चष्मा काढला. "मीपण एकदा असं लिहिलंय."

गावातली एक विधवा होती. दिराला तिची जागा हवी होती आणि सरपंच दिराच्या बाजूचे. बाबा नोकरीत नवे, बदलीला घाबरले आणि जिवंत बाई मेली असं लिहून मोकळे झाले. मग ती दर सोमवारी कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहायची. "साहेब, मी आहे ना," एवढंच म्हणायची. बाबा मान वर करायचे नाहीत.

"किती दिवस?"

"दोन वर्षं. मग यायची थांबली. गेली तेव्हा नोंद करायला कुणी आलं नाही. नोंद आधीच झालेली होती."

मला बाबांचा संताप आला, किळसही आली. त्यांनी हात पुढे केला, तो मी धरला नाही.

"नाव काय होतं तिचं?"

"रत्नाबाई किसन. वय बावन्न. मृत्यूचं कारण, ताप." त्यांना सगळं पाठ होतं.

"ताप तुम्ही लिहिलात. खरी कशानं गेली?"

"रेशन बंद झालं होतं तिचं," बाबा म्हणाले. "माझ्याच नोंदीवरून."