लाल शिक्क्याची नोट

दिनानाथ आगाशे फक्त ब्रह्मदेशाच्या नोटा जमवत. त्यांचे आजोबा रंगूनला रेल्वेत कारकून होते. युद्धात सगळं सोडून ते पायी परतले, येताना हातात काही नव्हतं. शिक्षण खात्यातून निवृत्त झाल्यावर दिनानाथांनी त्या एकाच देशाचा नाद धरला. गजानन बोकील त्यांचे शाळेपासूनचे मित्र. ते संस्थानांची नाणी जमवत, पण नोटांचीही त्यांना चांगली पारख होती. इंदुरात कुठंही प्रदर्शन असलं की दोघं एकाच स्कूटरवरून जात.

त्या रविवारी राजवाड्याजवळच्या एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. रजत नावाच्या व्यापाऱ्याच्या टेबलापाशी यामिनी उभी होती. ही मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि वर्षभरापासून ब्रह्मदेशाच्याच नोटा घ्यायला लागली होती. दिनानाथांना पाहून ती खूश झाली.

"काका, ही एकदा बघता का? मी सौदा पक्का करूनच राहिले."

जॉर्ज राजाची दहा रुपयांची नोट होती. युद्ध संपताना इंग्रजांनी भारतातल्याच नोटांवर 'फक्त ब्रह्मदेशात चालेल' असा लाल शिक्का छापून त्या तिकडे पाठवल्या होत्या. तो शिक्का असला की किंमत कितीतरी पटींनी वाढते.

दिनानाथांनी भिंग लावलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"नोट खरी आहे बेटा. शिक्का खोटा आहे."

"कसं काय?"

"ही घडी बघ. इथं कागद झिजला, राजाचं चित्र उडालं. मग शिक्कापण उडायला हवा ना? ही शाई तर घडीच्या आत उतरली आहे. जुन्या नोटेवर कुणीतरी नंतर छापलंय."

रजतनं हसत नोट परत घेतली. "अरे काकाजी, पसंद आ गई तो सीधा बोलो ना! मॅडम, त्यांना स्वतःलाच पाहिजे. आपण सोडली की शाम को यही आएँगे, आधे में माँगेंगे."

यामिनीनं दिनानाथांकडे पाहिलं. तिच्या नजरेत शंका आलेली त्यांना स्पष्ट दिसली.

"गजा, तू बघ," ते म्हणाले.

गजाननांनी नोट उजेडाकडे धरली, भिंग डोळ्याला लावलं. मग नोट टेबलावर ठेवून म्हणाले, "मला तर बरोबर लागते."

यामिनीनं पैसे देऊन नोट घेतली. दिनानाथ खाली रस्त्यावर आले, रिक्षा केली आणि एकटेच घरी गेले.

संध्याकाळी संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली : सदस्यांनी दुसऱ्याच्या सौद्यात बोलू नये. नाव कुणाचंच नव्हतं. खाली बऱ्याच जणांनी संमतीचे अंगठे उमटवले होते. त्यांत गजाननांचाही होता.

चार दिवसांनी गजानन घरी आले. दिनानाथांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या.

"दिना, समजून घे यार. अश्विन पुण्याला बोलावून राहिला आहे. पोराचा फ्लॅट छोटा, माझी नाणी कुठं ठेवू? सगळी रजतच घेतोय. त्याच्यासमोर मी काय बोलणार होतो?"

"म्हणजे तुला दिसलं होतं."

गजानन बशीकडे बघत राहिले. "दिसलं होतं."

"मग 'मला नीट दिसत नाही' एवढं म्हणायचंस. तुझ्या मोतीबिंदूवर कुणीपण विश्वास ठेवला असता. मला खोटा पाडायची काय गरज होती?"

"सुचलं नाही रे."

"अंगठा द्यायला सुचलं."

गजाननांचा चहा तसाच राहिला. ते उठले आणि दारात चपला घालून निघून गेले.

दिनानाथांनी यामिनीला फोन करून सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "काका, आता तर मी घेऊन चुकले. आणि गजाननकाका असं म्हणाले, याला काही पुरावा आहे का?" त्यानंतर तिनं त्यांचे फोन उचलले नाहीत.

दिवाळीनंतर गजानन पुण्याला गेले. स्टेशनवर सोडायला दिनानाथ गेले नाहीत. प्रदर्शनालाही जाणं त्यांनी बंद केलं. हवं ते टपालानं मागवू लागले.

हिवाळ्यात कोलकात्याहून एक पाकीट आलं. बरीच वर्षं मिळत नव्हती ती मोराच्या चित्राची पाच रुपयांची नोट त्यात होती. दिनानाथांनी ती खिडकीपाशी नेऊन उलटसुलट तपासली. अस्सल होती. त्यांनी सुलोचनाबाईंना हाक मारली. त्या मेथी निवडत होत्या. पदराला हात पुसून आल्या, नोट पाहिली, "छान आहे हो," म्हणाल्या आणि आत गेल्या.

फोन हाताशीच होता. त्यांनी नोटेचा फोटो काढला, कुणाला पाठवावा म्हणून नावं वर-खाली सरकवली, आणि फोटो पुसून टाकला.