ऐकलं की सुतक

भाऊबंदकीत बोलणं तुटतं, सुतक तुटत नाही. सांडोरच्या आनंदीबाईंना हे गेल्या वर्षी चांगलंच कळलं होतं. वर्षानुवर्षं ज्यांचं तोंड पाहिलं नव्हतं असे एक चुलत सासरे नेमके चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेले आणि मखर रिकामं राहिलं. नात ओवी त्या मखरासमोर बसून रडली होती. यंदा काही आडवं येऊ द्यायचं नाही, अशी बाईंनी तेव्हाच मनाशी गाठ मारली होती.

आडवे येण्यासारखे होते ते शेजारचे थोरले दीर, नरहरी. पावसाळाभर अंथरुणाला खिळलेले; घरात ते आणि बायको मनोरमावहिनी, दोघंच. मधे फक्त केळीची बाग, पण वाटणीपासून दोन घरांत शब्द नव्हता. वाटणीत गणपती धाकट्याकडे आला आणि बागेतलं बावखल, म्हणजे शिंपणाचं जुनं तळं, थोरल्याकडे राहिलं. पूर्वी घरचा गणपती त्याच पाण्यात पोचवायचे; आता टेम्पोतून पाचूबंदरला, समुद्रावर न्यावा लागे. बाईंचे यजमान गेले, ते भांडण तेवढं मागे ठेवून.

रोज आरतीला बाई एकच मागत, विसर्जनापर्यंत दिरांना ठेव. पुढचं मागतच नसत. स्वतःचं हे मागणं त्यांना टोचायचं, तरी मागायच्या.

पाचव्या दिवशी दुपारी मुलगा अनिश टेम्पोला झेंडूच्या माळा बांधत होता, तोच फाटकाशी फ्रान्सिस आला. नरहरींचा पलीकडचा शेजारी, आजारपणात त्यांच्या उशाशी बसणारा. टोपी हातात, डोळे जागरणानं तारवटलेले. बाई लगबगीनं पुढे झाल्या. सुतक ऐकलं की लागतं, ऐकेपर्यंत नाही. त्यानं तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "फ्रान्सिसभाऊ, कशाला आलात ते मला समजलं. आता काही बोलू नका. गणपती पोचवला की मी स्वतः येते तिकडे."

फ्रान्सिस बघतच राहिला. "समजलंय, आणि तरी नको म्हणता?"

"तरी नको."

तो मान खाली घालून परत गेला.

त्या संध्याकाळी अख्खी वसई रस्त्यावर होती. नाक्यानाक्यावर मंडप, ढोलताशे, बेंजो. गुलालानं माणसं ओळखू येईनात. कुठल्या कुठल्या बिल्डिंगींतली अनोळखी माणसं टेम्पो थांबवून पाया पडत, सरबताचे ग्लास पुढे करत. ओवी नाचून नाचून घामाघूम झाली. बाई मात्र मूर्तीचा पाट धरून बसल्या होत्या. मनोरमावहिनी आत्ता एकट्या प्रेतापाशी बसल्या असतील, माझ्यापायी त्यांना मोठ्यानं रडताही येत नसेल, एवढंच डोक्यात. पाचूबंदरला कार्यकर्त्यांनी मूर्ती हातातून घेऊन होडीत चढवली. 'पुढच्या वर्षी लवकर या' सगळा किनारा ओरडला. बाईंनी वाकून पाटासाठी मूठभर वाळू घेतली.

घरी परतल्यावर वाळूची मूठ ठेवलेला पाट अनिशकडे देऊन त्या तशाच केळीतून निघाल्या. डोक्यावरून पदर घेतला आणि वाटेतच रडू फुटलं, अगदी पोटातून. नव्या नवरीला पाण्याची भीती वाटते म्हणून बावखलाला कठडा बांधून घेणारा हाच तो दीर.

बावखलापाशी त्यांचे पाय थबकले. पायऱ्या घासून लख्ख केल्या होत्या. कठड्यावर पणत्यांची रांग, निम्म्या विझलेल्या. आणि पायऱ्यांच्या तोंडाशी खुर्चीत, धुतलेलं धोतर नेसून, मांडीवर नारळ घेऊन नरहरी बसले होते.

"दुपारपासून बसलेत," मनोरमावहिनी कोरड्या आवाजात म्हणाल्या. "भांडण पुरे झालं, यंदा गणपती इथंच पोचवा, असा निरोप पाठवला होता. तुम्ही फ्रान्सिसला तोंडही उघडू दिलं नाहीत म्हणे. तरी हे उठायला तयार नाहीत."

नरहरींनी बाईंच्या ओल्या गालांकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या पदराकडे. त्यांना सगळं उमगलं असावं.

"रडतेस कशाला, आनंदी," ते म्हणाले. "मी आहे अजून. नीट पोचला ना गणपती?"

बाईंनी मान हलवली. लाजेनं त्यांचा जीव अर्धा झाला होता. "दादा, पुढच्या वर्षी..." एवढं म्हणाल्या आणि नजर त्यांच्या सुजलेल्या पावलांवर गेली.

नरहरींनी नारळ पुढे केला. बाईंनी तो ओंजळीत घेतला. बाहेरच्या रस्त्यावरून कुणाचा तरी गणपती चालला होता, आणि माणसं पुढच्या वर्षाचं ओरडत होती.