मानाची चढाई

ऐका, मीच सांगतो. नाहीतर आमच्या आळीतली माणसं तिखटमीठ लावून सांगतील.

माझी सून भाविका कबड्डीची पंच व्हायला निघाली होती. लेखी परीक्षा पास झाली, मैदानावरची राहिली. ती घ्यायला माणिकपूरचे फर्डिनंड सर आमच्याच गावच्या स्पर्धेला आले. समोर तुळिंजचा संघ, आणि शिटी भाविकाच्या तोंडात.

आता आमच्याकडे रीत अशी, की स्पर्धेतली पहिली चढाई गावातल्या जुन्या खेळाडूची. समोरचे त्याला धरत नाहीत. तो एकाला हात लावतो आणि गुण घेऊन परततो. हल्ली तो मान माझा, चंद्रहासचा.

गेलो. "कबड्डी, कबड्डी" म्हणत एका पोराच्या खांद्याला हात लावला, वळलो, आणि मधली रेषा गाठायच्या आत दम तुटला. घोट गिळावा एवढाच. रेषा ओलांडली, टाळ्या पडल्या, आणि शिटी वाजली. भाविकानं हात वर केला. मी बाद!

अरे देवा! मैदान नुसतं उसळलं. "सुनेनं सासऱ्याला बाद केलं!" आमचा कप्तान म्हणजे माझा मुलगा प्रीतम, तिचा नवरा. तो धावत गेला. "अगं, मानाची चढाई आहे ती!"

"बाबांचा दम गेला," ती म्हणाली. "मान घरी देईन. इथे दम बघते."

वर केलेला हात काही तिनं खाली घेतला नाही. ती निर्णय फिरवते का, एवढंच फर्डिनंड सर बघत होते. आणि सगळं गाव माझ्याकडे. मी नुसतं "दम गेलाच नाही" म्हटलं असतं, तर तिची परीक्षा तिथंच आटोपली असती. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या! पण काय कान पोरीचे! त्या गोंगाटात म्हाताऱ्याचा तुटलेला दम ऐकला, आणि ऐकून गप्प बसली नाही. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

माझी बायको सुनंदा खुर्ची घेऊन आली. "चला, सावलीत बसा."

मी खुर्ची बाजूला सारली, आणि बाद झालेले गडी बसतात तिथे मातीत जाऊन बसलो.

"प्रीतम, वाद नको!" मी ओरडलो. "पंचांनी बाद दिलंय मला. त्यांचा एक गडी बाद कर, तेव्हाच उठेन!"