बिडाचा स्पॉयलर

"ओ मॅडम, शेपूट पडलं तुमचं."

रिक्षावाल्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की प्रमोदिनीबाईंनी आधी आपल्या साडीचा पदर तपासला. मग मागे वळून पाहिलं. उचगावच्या गतिरोधकापलीकडे रस्त्याच्या मधोमध त्यांच्या एस्टीम गाडीचा स्पॉयलर, डिकीवर बसवलेला पंख, उताणा पडला होता, दोन्ही पाय वर करून. एका दुचाकीवाल्याने त्याला वळसा घालताना छातीला हात लावून नमस्कार केला. कोणीतरी गेलंय, एवढंच त्याला लांबून कळलं असावं.

गाडी चालवत होत्या बायडाबाई. साठीच्या उंबरठ्यावरच्या या शिकाऊ बाईंनी स्टिअरिंग अजून कासऱ्यासारखं आवळून धरलं होतं.

"माझ्यानं पडलं व्हय?"

"नाही. आपलं आपण गेलं. वय झालं होतं त्याचं."

"मग ऱ्हाऊ दे की. शेपटाबिगार काय गाडी चालत न्हाय?"

"पुढं चालते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मागं नाही."

हे समजायला प्रमोदिनीबाईंचं शास्त्र माहीत हवं. प्रमोदिनी हेर्लेकर पूर्वी एका विनाअनुदानित शाळेत भूगोल शिकवायच्या. अनुदान येईल या आशेवर त्यांचं तारुण्य गेलं आणि अनुदान काही आलं नाही. तेव्हा त्यांनी ही एस्टीम जुनी घेतली आणि फक्त महिलांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. गाडी आधी एका तालमीतल्या पोराची होती. मागे हा फायबरचा स्पॉयलर त्यानेच बसवलेला. वेगात गाडी हवेत उचलली जाऊ नये म्हणून हे असतं, असं त्याने गाडी देताना बजावून सांगितलं होतं. बाईंनी गाडी कधी चाळीसच्या वर नेली नाही आणि गाडी कधी हवेत गेली नाही. त्यात स्पॉयलरचा वाटा किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

पण पहिल्याच आठवड्यात बाईंना शोध लागला. आतल्या आरशात पाहिलं, की मागच्या काचेतून स्पॉयलरची आडवी पट्टी दिसते. गाडी मागे घेताना सरावाच्या मैदानातला मागचा खांब स्पॉयलरच्या दोन पायांच्या मधोमध ठेवायचा. खांबावरचा लाल पट्टा त्या पट्टीवर टेकला, की थांबायचं. बस. मान मोडून मागे बघायला नको, नवऱ्याने खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत घोळ घालायला नको.

या शास्त्रावर कोल्हापुरातल्या बायकांची एक अख्खी पिढी शिकली. अडचण एकच झाली. त्यांना स्पॉयलरशिवाय गाडी मागे घेता येईना. म्हणून ज्यांच्या गाडीला डिकी होती, त्यांनी स्पॉयलर बसवून घेतले. शहरात अगदी सावकाश जाणारी आणि मागे शर्यतीच्या गाडीसारखा पंख असलेली मोटार दिसली, की आत बहुधा एखादी स्त्रीरोगतज्ज्ञ, नाहीतर मुख्याध्यापिका असायची. ज्यांच्या गाडीला डिकीच नव्हती, त्यांनी मागच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली. राजारामपुरीतल्या एका आक्कांनी तर आतून आडवं लाटणं बांधलं होतं. सणासुदीला ते सोडून स्वयंपाकघरात न्यायच्या, आणि त्या दिवशी गाडी काढायच्या नाहीत.

आता मूळ स्पॉयलरच रस्त्यावर पडला होता. फायबर उन्हाने फुगलं होतं, रंगाचे पोपडे सुटले होते. एका पायाचा बोल्ट गंजून तुटला होता, दुसरा पाय बाईंनी स्वतः सुतळीने बांधलेला. आणि गुरुवारी बायडाबाईंची परीक्षा होती.

तिसरी परीक्षा. पहिल्या वेळी रिव्हर्सला खांब पडला. दुसऱ्या वेळी तोच खांब, पुन्हा उभा केलेला. दोन्ही वेळा त्यांनी ऐनवेळी मान वळवून मागे बघितलं होतं आणि मान वळली की त्यांचे हातही वळत. पट्टीचं गणित त्यांच्या डोक्यात बसायला अख्खा हिवाळा गेला होता. गेल्या आठवड्यापासून मात्र खांबाला धक्का लागला नव्हता.

बायडाबाईंना हौस नव्हती. त्यांचे मालक गणपतराव आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात. दारात स्वतःची गाडी होती, पण तिची किल्ली पुतण्याच्या, विजयसिंहच्या खिशात असे. विजयसिंह वाईट नव्हता. तो फक्त उशिरा यायचा. गेल्या पावसाळ्यात मित्राच्या वाढदिवसाला गाडी घेऊन मलकापूरला गेला आणि तिथेच राहिला. गणपतराव अंघोळ करून, मांडीवर पिशवी घेऊन दिवसभर कट्ट्यावर बसून होते. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं आणि पुढचे दोन दिवस त्यांना श्वास पुरेना. त्यानंतर बायडाबाईंनी दुधाचा हिशेब सुनेकडे दिला आणि प्रमोदिनीबाईंकडे नाव घातलं.

स्पॉयलर पडला त्या दिवशी बायडाबाईंना न्यायला विजयसिंह मैदानावर आला. त्याने बिनशेपटीची एस्टीम बघितली आणि हसला.

"काकी, सोडा आता नाद. गाडी म्हंजे म्हस न्हवं."

"म्हस असती तर दावं तुझ्या हातात दिलं असतं व्हय?" बायडाबाई म्हणाल्या.

प्रमोदिनीबाईंनी रस्त्यावरून उचलून मागच्या सीटवर ठेवलेला स्पॉयलर नीट आडवा केला. "गुरुवारी हा जागेवर असणार," त्या म्हणाल्या. कोणीच विचारलं नव्हतं.

मग त्या कामाला लागल्या. फायबरवाल्याने स्पॉयलर हातात घेतला, तसा त्याचा एक तुकडा फायबरवाल्याच्याच हातात राहिला. नवा थर देऊ, पण सुकायला आठवडा जाईल, म्हणाला. ॲक्सेसरीच्या दुकानातला सम्राट आपुलकीने वागला. त्याची आई बाईंकडेच शिकली होती.

"मॅडम, ह्ये मॉडेल आता कुटं मिळतंय? त्यापेक्षा ह्यो घ्या. दुमजली हाय. रातीला निळी लाईट लागत्या."

बाईंनी पर्समधून टेप काढला. स्पॉयलर चार बोटं उंच निघाला.

"हा चालणार नाही."

"चार बोटानं काय हुतंय?"

"चार बोटं उंच म्हणजे बायडाबाई खांबावर."

"मग मागं क्यामेरा बसवा की. समदं टीव्हीसारखं दिसतंय."

"बायडाबाई टीव्ही लागला की झोपतात," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. हे खरं होतं. स्वतः बायडाबाईंनीच सांगितलेलं.

शेवटी त्या उद्यमनगरात गुरुप्रसाद शेटेच्या फौंड्रीत गेल्या. गुरुप्रसादची बायको अनुजा ही बाईंची लाडकी विद्यार्थिनी. गुरुप्रसादने स्पॉयलर उलटापालटा केला आणि त्याच्या डोळ्यांत ती चमक आली, जी उद्यमनगरातल्या माणसाच्या डोळ्यांत 'हे होणार नाही' असं ऐकल्यावर येते.

"कोण म्हणालं मिळत न्हाय? तुकडा चिकटवून ह्यालाच वाळूत दाबू. साचा तयार. त्यात वतायचं, झालं काम."

"काय ओतणार?"

"ॲल्युमिनियम पायजे खरं तर. पर ते फुडल्या आठवड्यात. आज भट्टीत बीड हाय, गटाराच्या झाकणांची ऑर्डर चालू हाय. त्यातलंच वततो."

"बीड? तव्याचं असतं ते?"

"तेच. तुमची नात बी ह्याच स्पॉयलरवर शिकंल, मॅडम."

प्रमोदिनीबाईंना नात नव्हती, मुलगाही नव्हता, लग्नही केलेलं नव्हतं. पण माप तंतोतंत येणार होतं आणि वार सोमवार होता. त्या म्हणाल्या, "ओता."

बुधवारी दोन माणसांनी स्पॉयलर आणला. लग्नात रुखवताचं कपाट आणतात तसा, मधे एकदा टेकत. डिकीला आतून लोखंडी पट्टी देऊन त्याचे बोल्ट आवळले. माणसं बाजूला झाली आणि एस्टीम मागून खाली बसली. तोंड वर. हेडलाईट लावून पाहिले, तर उजेड समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पडला. तिथला एक माणूस गॅलरीत आला आणि काय काम आहे, म्हणून विचारू लागला.

"आता डिकी उघडू नका," गुरुप्रसाद म्हणाला. "बिजागऱ्या तुटतील."

"स्टेपनी आत आहे."

"मग पंक्चर हुऊ दिऊ नका."

बाई आरशात बघत होत्या. गाडी मागे दबली, म्हणजे पट्टीही खाली गेली. दोन बोटं. लोखंडाने गणित मोडलं होतं. गुरुप्रसादने पाना उचलला. "काढू काय?" त्याने हळूच विचारलं.

"काढायचा नाही. गाडी वर उचला."

मागच्या स्प्रिंगांत रबराचे जाड तुकडे घातले. एकदा घालून बाईंनी टेप लावला, पुन्हा काढायला लावले, पुन्हा घातले. पोरीच्या परकराची उंची बघावी तशा त्या गुडघ्यावर बसून कड बघत होत्या. शेवटी मागे उभ्या केलेल्या खांबाचा लाल पट्टा पट्टीवर टेकला आणि गाडी जिथे थांबायची तिथेच थांबली. एस्टीम आता सरळ उभी होती. फक्त खड्ड्यातून जाताना मागून देवळातली घंटा वाजल्यासारखा आवाज येई आणि रस्त्यावरच्या एकदोन म्हाताऱ्या हात जोडत.

गुरुवारी परीक्षा घेणारे साहेब गाडीभोवती फिरले. तरुण होते, कामात चोख वाटत होते. मागे येऊन थांबले. पेनाने स्पॉयलरवर टिचकी मारली. टण्ण.

"हे काय?"

"स्पॉयलर," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"कशाचा?"

"बिडाचा."

साहेबांनी पेन खाली घेतलं. "का?"

"फायबरचा टिकत नाही."

यावर काय विचारावं हे त्यांच्या प्रशिक्षणात नसावं. त्यांनी बोल्ट हलवून पाहिले. ते हलले नाहीत. मग ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. प्रमोदिनीबाई कुंपणाजवळ उभ्या राहिल्या. गाडी पुढे चालवण्याचं सगळं नीट झालं. मग रिव्हर्स.

एस्टीम मागे सरकू लागली. खांब दोन पायांच्या मधे आला, जरासा डावीकडे कलला, पुन्हा मधे आला. काचेतून बायडाबाईंचं डोकं दिसत होतं. ते हललं नाही. प्रमोदिनीबाईंचा उजवा पाय, ब्रेक दाबावा तसा, मातीत आपोआप दाबला गेला. गाडी थांबली. खांब उभा होता.

"तुम्ही मागं वळून बघितलंच नाही," साहेब म्हणाले.

"बगून काय करू? समदं हितंच दिसतंय की, साहेब," बायडाबाई म्हणाल्या.

साहेबांनी आरशात बघितलं, मग तिरकं होऊन बायडाबाईंच्या बाजूने बघितलं. त्यानंतर त्यांनी पास लिहिलं.

लायसन्स हातात आल्यावर पहिल्या डायलिसिसला बायडाबाईंनी प्रमोदिनीबाईंना बोलावून घेतलं. "बाजूला नुसतं बसा. बोलू नगा." विजयसिंहने घरच्या गाडीची किल्ली दिली. "काकी, म्या येतो की संगं," तो म्हणाला. आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"तू म्हशी बग."

गणपतरावांना मागच्या सीटवर मधोमध बसवलं. एकेकाळी अंगाने मोठा असलेला माणूस, आता सदऱ्यात नुसता टांगल्यासारखा दिसत होता. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. मान छातीवर पडलेली. महामार्ग आला, पूल गेला, शहर आलं. बायडाबाई चाळीसच्या वर गेल्या नाहीत. दवाखान्याच्या आवारात शिरेपर्यंत सगळं बरं चाललं होतं. तिथे एकच जागा रिकामी होती. दोन गाड्यांच्या मधे, मागे भिंत, भिंतीवर निळी रेघ. गाडी मागेच घ्यावी लागणार होती.

आणि तेव्हा प्रमोदिनीबाईंच्या लक्षात आलं, की ही गाडी एस्टीम नाही. हिच्या मागे काहीच नाही. इतक्या वर्षांत त्यांनी कितीतरी जणींना गाडी शिकवली आणि एकीलाही पट्टीशिवाय मागे जायला शिकवलं नाही. त्यांनी दाराच्या कडीला हात घातला. "मी उतरून सांगते," त्या म्हणाल्या.

"बसा, बाई."

बायडाबाईंनी रिव्हर्स टाकला आणि आरशात बघितलं. आरशात मागची काच होती, आणि काचेच्या खालच्या कडेला टोपीचा जेमतेम एक पांढरा तुकडा.

"अवो," बायडाबाई म्हणाल्या. "जरा मान वर करा."

गणपतरावांनी डोळे उघडले.

"आनी वर. ताठ बसा. हां. आता हलू नगा."

त्यांनी दोन्ही हातांनी पुढच्या सीटांच्या पाठी धरल्या. हातावरच्या डायलिसिसच्या पट्टीखालून शीर टरारून वर आली. टोपी हळूहळू काचेच्या मधोमध आली आणि तिथे थांबली. गाडी मागे सरकू लागली. प्रमोदिनीबाईंचा पाय ब्रेक शोधत होता आणि या गाडीत, एस्टीममध्ये असतो तसा, त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता. शेजारच्या दोन्ही गाड्या खिडक्यांजवळून पुढे सरकत गेल्यासारख्या दिसल्या. भिंतीवरची निळी रेघ टोपीच्या टोकाला टेकली आणि गाडी उभी राहिली.

बायडाबाईंनी हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"झालं?" गणपतरावांनी विचारलं.

"झालं. टेका आता."

त्यांनी लगेच मान खाली घेतली नाही.