कपाट जिन्यावरून घसरतं तेव्हा

बबीच्या घरात माणूस पारखायची एकच रीत होती: त्याला दुपारी घरी बोलवायचं, कोचाच्या मधोमध बसवायचं आणि कपाटाचा सिनेमा दाखवायचा. सिनेमाचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात ते कुणी घेत नसे. दोन भाऊ एक कपाट पाचव्या मजल्यावर चढवतात, आत घरमालक गाढ झोपलेला असतो आणि भावांना त्याचा पत्ताच नसतो. झालं, एवढीच गोष्ट! पण बाबांनी तो लग्नाआधी आईला दाखवला होता, आत्या तापात पडली की औषधाआधी तो लावायला सांगे, आणि बबी तर चालायच्या आधी तो बघून हसायला शिकली, असं आई कौतुकाने सांगायची.

"ज्याला हे बघून हसू येत नाही," बाबा म्हणायचे, "त्याचं नि आपलं सात जन्मात जमायचं नाही." बबीच्या चुलतबहिणीचा नवरा मख्खासारखा बसून राहिला, तेव्हापासून बाबा त्याच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत. बाबांच्या साहेबांनी शेवटी "पण यात कथा काय आहे?" असं विचारलं, आणि ते बाबांच्या मनातून साफ उतरले.

आणि आता बबीला लिफ्टवाला आवडला होता. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. दुकानाच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, हा दुरुस्तीला आला, लिफ्ट सुरू झाली, तरी याचं येणं काही थांबेना. रोज कुठला तरी स्क्रू तपासायचा असे! बबीचे पाय जमिनीला लागत नव्हते. धास्ती एकाच गोष्टीची होती. हा पठ्ठ्या खोटं हसत नसे. मालकांच्या विनोदावर सगळं दुकान खिदळायचं आणि हा नुसता "बरं" म्हणायचा.

"कपाट घसरलं की हस हं," घरी नेताना तिने त्याला बजावलं.

"हसू आलं तर हसेन की."

"आणि नाही आलं तर?"

"मग कसा हसू?"

घ्या! आता अशा माणसापुढे डोकं तरी कुठे आपटायचं?

सिनेमा सुरू झाला. लिफ्टवाला मधोमध, एका अंगाला बाबा, दुसऱ्या अंगाला आत्या, आई नि बबी समोरच्या खुर्च्यांवर. टीव्हीकडे बघत होता तो एकटाच, बाकी सगळे त्याच्या तोंडाकडे. धाकट्या भावाने टोपी उचलायला हात पुढे केला मात्र, आत्याला हसू फुटलं. "आता बघ, आता बघ!" म्हणत बाबांनी मांडीवर थाप मारली, ती लिफ्टवाल्याच्या मांडीवर. आई तर पुढचं आठवून डोळे पुसत होती. पहिला मजला गेला, दुसरा गेला. लिफ्टवाल्याच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. बाबांचं हसू हळूहळू आटत गेलं, आणि बबीला वाटलं, संपलं सगळं. आता बाबा याच्याशी जन्मभर फक्त हवापाण्याचं बोलणार. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं.

"काका, जरा थांबवता का?" लिफ्टवाला म्हणाला.

आजवर हा सिनेमा मध्येच कुणी थांबवला नव्हता. बाबांनी बटण दाबलं.

"राग मानू नका," तो म्हणाला, "पण मला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. विनोद व्हायच्या आधीच तुम्ही सगळे हसता."

चौघं एकमेकांकडे बघत राहिली. मग आत्या पुटपुटली, "अगंबाई! म्हणजे तो चुलत जावईसुद्धा..."

"सुरुवातीपासून लावतो," बाबा घसा खाकरून म्हणाले, "आणि जो हसेल तो बाहेर."

काय ते हाल! आत्याने उशीत तोंड खुपसलं. आईने रुमालाचा बोळा दातांत धरला. बाबा लाल होऊन छताकडे बघत बसले. बबीने ओठ इतके दाबले की जबडा दुखायला लागला. चौथा मजला आला. दोरी सुटली, कपाट धडाधडा जिन्यावरून निघालं. कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. आणि त्या गडगडाटातून, कपाटाच्या आतून, घरमालकाचा झोपाळू, त्रासलेला आवाज आला: "जिन्यात कोण धावतंय रे? सावकाश चाला, माणसं झोपलीत इथे!"

लिफ्टवाला असा हसला, असा हसला, की कोचावरून घसरून सतरंजीवर आला.

बाबा मात्र हसले नाहीत. "हे कधी म्हणाला तो?" ते म्हणाले. "असं काही नाहीये यात!"

"आत्ताच तर म्हणाला, काका!"

मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तोच आवाज. बाबांनी डोळे विस्फारले, तोंड उघडलं, आणि मग सतरंजीवर लिफ्टवाल्याच्या शेजारी बाबा, बाबांच्या अंगावर आत्या, असा हसून हसून ढीगच झाला. बबी खुर्चीतच हसत होती, रडत होती, काय करत होती ते तिलाही कळत नव्हतं.

"अहो," आईने दातांतला रुमाल काढला आणि बाबांना हलवलं, "याला आता सोडू नका हं. अजून काय काय ऐकायचं राहिलंय आपलं, कोणास ठाऊक!"