खिडकीकडची बाजू

"ताणून धर गं! सैल सोडलंस तर वारा शिरेल," दाभणकाका लेकीवर खेकसले.

"बाबा, बोटं सोलली माझी. कोंबड्यांना महाल बांधताय का?"

बस डेपोत बत्तीस वर्षं आसनं शिवली, म्हणून काकांना सगळे दाभण म्हणत. निवृत्तीनंतर हात नुसते शिवशिवत होते. गेल्या वर्षी गार वाऱ्यापावसाची झड लागली, तेव्हा परसातल्या जाळीत चार कोंबड्या काकडून मेल्या होत्या. काकू दोन दिवस जेवल्या नव्हत्या. कोंबड्या त्यांच्या, काकांनी कधी मूठभर दाणेही टाकले नव्हते. मग आठ महिन्यांपूर्वी काकूंची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि पलंग परसाच्या खिडकीशी लागला. आता झड यायच्या आत काहीतरी करायचं, असं काकांनी मनाशी ठरवलं होतं.

ओळखीच्या पेंटरने जाहिरातींची जुनी फ्लेक्स फुकट दिली. काकांनी कडा दुमडून दुहेरी टीप मारली, सायकलच्या फाटक्या ट्यूब कापून बांधायला बंद केले, हवेला वर चार बोटं फट ठेवली आणि जाळीच्या चारही बाजू झाकून टाकल्या. खिडकीकडच्या बाजूला दंतमंजनाची जाहिरात आली. हातभर लांब दात.

दुसऱ्याच दिवशी झड लागली. चार दिवस आभाळ फाटलं होतं, पण आत थेंब गेला नाही. काका रोज भिजत जाऊन बघून येत आणि दारातूनच ओरडत, "अगं, अकराच्या अकरा ठणठणीत! तुझा नवरा म्हणजे काय समजलीस?"

काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. पेज भरवली तर ओठांतून ओघळे. नर्सताई येऊन नाडी, ताप, सगळं बघून गेली. "शरीरात तसं काही नाही हो," म्हणाली.

पाचव्या दिवशी चादर बदलताना लेक आईला उचलायला वाकली. तिचं स्वतःचं डोकं आईच्या उशीला टेकलं आणि ती तशीच राहिली.

"बाबा, इथे या. इथे डोकं ठेवून बघा."

"काय आहे?"

"बघा तर."

काका गुडघे मोडून वाकले. खिडकीभर फक्त दात होते.

"ती दिवसभर डाव्या हाताची बोटं हलवायची ना?" लेक म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, झटके आहेत. बाबा, ती कोंबड्या मोजायची."

काका उठले. चाकू घेऊन पावसात गेले आणि आपलीच टीप त्यांनी खालपासून वरपर्यंत उसवली. नव्या गादीवरची पारदर्शक पिशवी माळ्यावर होती. ती कापून, उभ्याउभ्या दाभणाने टाके घालून त्या जागी लावली. दोनदा तो बोटात रुतला. मग तसेच निथळत आत आले.

"अगं, बघ. सगळ्या दिसतात आता. ती लंगडीसुद्धा. बघ ना."

काकूंचं तोंड भिंतीकडे होतं. काकांनी दोन्ही तळव्यांत धरून हळूच खिडकीकडे वळवलं. हात काढले तसं ते पुन्हा भिंतीकडे गेलं. त्यांनी पुन्हा वळवलं.

"राहू द्या, बाबा," लेक म्हणाली. "मान दुखेल तिची."

बोटं काही हलली नाहीत. त्यानंतर काकू नऊ दिवस होत्या.

महिन्याभराने शेजारचे मास्तर कुंपणाशी आले. "काका, वेळ चांगली नाही, कळतं मला. पण आमच्याही जाळीला तुमच्यासारखं शिवून द्याल का? विकतचं परवडत नाही हो."

काका टेप घेऊन गेले. जाळीपाशी उभं राहून मास्तरांच्या घराच्या मागच्या खिडकीकडे बराच वेळ बघत राहिले.

"त्या खोलीत कोणी झोपून असतं का?"

"छे! रिकामीच असते ती. का हो?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी चारही बाजूंची मापं घेतली.